बरगडीच्या कूर्चेत इन्फेक्शन झालंय आणि ऑपरेशन सांगितलंय: तपासण्यांपासून घरच्या ड्रेसिंगपर्यंत सगळं

छातीवर नाहीतर बरगड्यांच्या खालच्या कडेला एक बारीकसं भोक पडलंय, त्यातनं रोज थोडा थोडा पू येतोय, गोळ्या सुरू केल्या की आठ-दहा दिवस कोरडं आणि गोळ्या संपल्या की परत बनियनला डाग. असे पेशंट आमच्या सर्जरी वॉर्डात फार येत नाहीत, पण जे येतात ते बहुतेक करून दोन-तीनदा चिरा मारून, पू काढून, महिनोन्महिने ड्रेसिंग करून वैतागून आलेले असतात. मी स्टाफ नर्स आहे, सर्जन नव्हे, त्यामुळं तुमच्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं हे मी सांगणार नाही, पण हा आजार पू काढून का जात नाही, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात आणि घरच्यांनी कुठं लक्ष घालायचं हे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातनं येणाऱ्या लोकांना एकेक करून समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

आधी हे समजून घ्या, नाहीतर ऑपरेशन एवढं मोठं का ते कळणार नाही

बरगडी पाठीकडनं पुढं येते तेव्हा शेवटपर्यंत हाड नसते. पुढचा तुकडा कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा असतो. पहिल्या ७ बरगड्या आपापल्या कूर्चेनं छातीच्या मधल्या हाडाला, स्टर्नमला जोडलेल्या असतात. ८वी, ९वी आणि १०वी मात्र थेट जात नाहीत, त्यांची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटते आणि त्या सगळ्यांची मिळून ती कमान होते जी पोटाच्या वर हाताला लागते. ११वी आणि १२वी पुढं कशालाच जोडलेल्या नसतात.

आता खरी अडचण. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरनं जे पातळ आवरण असतं त्याच्यातनं झिरपून तिला पोषण मिळतं. इन्फेक्शननं ते आवरण सुटलं की आतली कूर्चा मरते, आणि मेलेल्या कूर्चेत रक्त जात नाही म्हणजे अँटिबायोटिकही जात नाही, पांढऱ्या पेशीही जात नाहीत. सलाइनमधनं कितीही भारी इंजेक्शन द्या, आजूबाजूची सूज उतरते, ताप जातो, पेशंटला बरं वाटतं आणि आत मेलेला तुकडा तसाच बसलेला असतो. नुसता पू काढणं म्हणजे ऊस तोडून खोडवा ठेवल्यासारखं आहे, परत फुटणारच. म्हणून मेलेली कूर्चा पूर्ण काढणं हाच उपाय, आणि कमानीत इन्फेक्शन असंल तर एकातनं दुसरीत जायला वाटच असते त्यामुळं तिथलं ऑपरेशन मोठं होतं.

हे होतं कशानं? छाती उघडून केलेल्या बायपास किंवा व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर, मार लागून किंवा भोसकल्याची जखम होऊन, पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशननंतर, कान किंवा नाक बनवायला बरगडीची कूर्चा काढून घेतली असंल तिथं, छातीला रेडिएशन दिलेलं असंल तर. पूर्वी टायफॉइडनंतर बरेच व्हायचं, आता कमी झालंय. जंतूंमध्ये स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास, कधी ई. कोलाय, कधी कँडिडासारखी बुरशी. आणि आपल्याकडं टीबी, त्याचं वेगळं लिहिते. शुगर वाढलेली असणं, किडनीचा त्रास, स्टिरॉइडच्या गोळ्या, एचआयव्ही, तंबाखू-विडी, हे सगळं आगीत तेल.

पायरी १: खरंच इन्फेक्शन आहे का ते बघा

छातीत दुखालंय म्हटलं की पहिलं काम ईसीजी. घाम, दम, डाव्या हातात कळ असंल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी कॅज्युअल्टी गाठा.

बरगडीच्या जोडावर दाबलं की दुखतं पण सूज नाही, ताप नाही, हे बहुतेक वेळा कॉस्टोकॉन्ड्रायटिस असतं, नावात ‘आयटिस’ असलं तरी त्यात जंतू नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीजवळ दुखरी गाठ येते त्याला टित्झे सिंड्रोम म्हणतात, १९२१ मध्ये टित्झे नावाच्या जर्मन सर्जननं ते लिहून ठेवलं. दोन्हीला ऑपरेशन लागत नाही, वेदनेच्या गोळ्या, शेक आणि थोडा धीर पुरतो. इन्फेक्शनची लक्षणं वेगळी: सूज वाढत जाणं, कातडी लाल-गरम होणं, ताप, आणि शेवटी भोक पडून पू वाहणं. आणि गाठ दगडासारखी टणक, हळूहळू वाढणारी, फारशी न दुखणारी असंल तर ती कूर्चेचा ट्यूमरसुद्धा असू शकते, तेव्हा तुकडा तपासल्याशिवाय कुणी ‘गळू आहे’ म्हणून सांगितलं तर पटवून घेऊ नका.

बिब्बा घालणे, डाग देणे, पानाचा लेप बांधणे हे आमच्याकडं अजून बघायला मिळतं. जळालेल्या कातडीवरनं ऑपरेशनचा छेद घेता येत नाही आणि वरनं झाकायला कातडी कमी पडते. आजी कितीही आग्रह करू दे, नको म्हणा.

पायरी २: तपासण्या, आणि त्यात घरच्यांनी काय बघायचं

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही आत सूज-इन्फेक्शन किती आहे ते दाखवतात), शुगर आणि तीन महिन्यांची शुगर, क्रिएटिनिन, एचआयव्ही. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, तेव्हा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका, तो फुप्फुसं बघायला काढतात. सोनोग्राफीत पू कळतो. ऑपरेशन ठरवायला मात्र कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध शिरेतनं घालून सीटी स्कॅन लागतो, कधी एमआरआय, कारण किती कूर्चा खराब आहेत, पू आत फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेलाय का, स्टर्नम खाल्लंय का हे त्याशिवाय कळत नाही. आधीच्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, जुने स्कॅन, जुने कल्चर रिपोर्ट (पुवातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखतात त्याचे) सगळं एका पिशवीत घालून आणा. बायपास झाली असंल तर ते डिस्चार्ज कार्ड फारच महत्त्वाचं आहे, का ते पुढं येतंय.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सँपलमध्ये. पू किंवा काढलेला तुकडा दोन ठिकाणी जातो. बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो, बरोबर. पण कल्चरचं आणि टीबीच्या सीबीनॅट टेस्टचं सँपल फॉर्मालिनमध्ये टाकलं की जंतू मेले, रिपोर्ट ‘काही वाढलं नाही’ असा येणार आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवणार. ते स्वच्छ कोरड्या डबीत नाहीतर सलाइनमध्ये जायला पाहिजे. बाहेरच्या लॅबला सँपल घेऊन जायला बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात डबी देतात, तेव्हा सिस्टरला विचाराच की कुठली डबी कशाची. कल्चर सांगताना साधं, बुरशीचं आणि टीबीचं अशी तिन्ही मागवली आहेत का तेही विचारा. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत येतं, टीबीच्या कल्चरला ६ आठवडे लागू शकतात, सीबीनॅट त्याच दिवशी कळू शकतं आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय का तेही सांगतं.

आणि भोकातनं बाहेर आलेल्या पुवाचा नुसता स्वॅब फारसा कामाचा नसतो, कातडीवरचे जंतूच त्यात सापडतात. खोलवरचा पू सुईनं काढलेला किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा हेच खरं सँपल. पेशंट तापानं फणफणलेला नसंल तर सँपल घेऊन मग अँटिबायोटिक सुरू करणं चांगलं, मेडिकलमधनं परस्पर गोळ्या आणून खाल्ल्या की कल्चर फुकट जातं.

टीबी असंल तर वाट बदलते

छातीच्या भिंतीवर मऊ गाठ, लाल नाही, गरम नाही, दुखणं बेताचं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय: हा टीबीचा थंड गळू असू शकतो. फुप्फुसाचा एक्स-रे स्वच्छ असतानाही होतो. बायकांमध्ये तो स्तनाच्या मागं असला की स्तनाची गाठ समजून तपासण्या तिकडंच चालू राहतात. हा गळू चिरायचा नसतो. चिरला की कायमची वाहती जखम होते. सुईनं, चांगल्या कातडीतनं, वरच्या बाजूनं तिरकी घालून पू काढतात म्हणजे मागं वाट राहत नाही.

टीबी पक्का झाला की आधी औषधं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, निक्षयमध्ये, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीत नाव नोंदवलं की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. कोर्स कमीत कमी ६ महिने, हाडा-कूर्चेत शिरलेला असंल तर डॉक्टर बहुतेक करून वाढवतात. लघवी केशरी झाली तर घाबरायचं नाही, ती रिफाम्पिसिननं होते, पण डोळ्यांना धूसर दिसायला लागलं नाहीतर लाल-हिरवं ओळखेना तर त्याच दिवशी कळवा. बऱ्याच जणांची गाठ औषधांनीच जाते. औषधं चालू असूनही गाठ वाढली, भोक बंद होईना, किंवा सीटीत बरगडी-कूर्चा खाल्लेली दिसली तर ऑपरेशन, आणि ते औषधं चालू असतानाच.

पायरी ३: कुठं जायचं, पैशाचं काय

हे चिकोडी-अथणीच्या छोट्या नर्सिंग होममध्ये करायचं काम नाही, कितीही ओळखीचे डॉक्टर असले तरी. जनरल सर्जन, छातीचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन तिघं एका छताखाली असतील, आयसीयू असंल असं ठिकाण बघा. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ पडतं, खानापूरकडचे काही जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात, काही हुबळीला. जायच्या आधी फोन करून विचारा की छातीचे सर्जन कुठल्या वारी ओपीडीत असतात, नाहीतर पहाटेची बस धरून येऊन परत जायची पाळी.

रेशनकार्ड बीपीएल असंल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. यातली अट लोक विसरतात: इमर्जन्सी नसंल तर खासगी हॉस्पिटलात योजना लागायला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. थेट ॲडमिट झालात की मग धावाधाव. महाराष्ट्र सरकारनंही महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केल्याचं जाहीर केलं आहे, त्याचं राजकारण तुम्हाला माहीतच आहे, मी त्यात शिरत नाही, कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला तुमच्या गावाचं नाव सांगून कुठली कागदं लागतील ते आधी विचारा. व्हॅक मशीन (जखमेतलं पाणी ओढून घेणारं, पुढं येतंय) पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं, हेही आताच विचारा.

पायरी ४: ऑपरेशनच्या आधी

शुगर ताब्यात आणणं पहिलं, त्यासाठी आठवडाभर इन्सुलिन द्यावं लागलं तरी कुरकुर नको. तंबाखू, विडी, मिश्री बंद, आणि हे मी सवयीनं म्हणत नाही, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जो स्नायू तिथं वळवून बसवणार तोच काळा पडू शकतो. निपाणी भागातल्या मावश्यांना मिश्री सोडायला सांगणं म्हणजे भांडणच असतं, पण चोरून दात घासू नका, फटका तुम्हालाच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारून ठरतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असंल तर सीटीच्या आधी सांगायचं.

तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं मशीन (स्पायरोमीटर) आधीच आणून शिकून घ्या. ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते, हे ऑपरेशननंतर दुखत असताना शिकवणं अवघड जातं.

संमतीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्लिशमध्ये असंल तर मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे, संकोच कसला. सर्जनना एवढं विचारा: किती बरगड्यांची कूर्चा काढणार, जखम लगेच बंद करणार की उघडी ठेवणार, कुठला स्नायू वापरणार, छातीत नळी लागंल का.

पायरी ५: थिएटरमध्ये काय होतं

पूर्ण भूल देतात. वाहतं भोक असंल तर सुरुवातीला त्यात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग सोडतात म्हणजे पुवाची वाट कुठं कुठं गेली आहे ते निळं दिसतं. नंतर लघवी हिरवट-निळी झाली तर त्याचंच आहे. मग भोक, त्याच्या भोवतीची खराब कातडी आणि खालची वाट एकसंध कापून काढतात, छेद साधारण कमानीच्या किंवा बरगडीच्या दिशेनं.

स्नायू बाजूला केला की कूर्चा दिसते. चांगली कूर्चा चकचकीत, निळसर पांढरी, टणक. खराब झालेली पिवळट, मळकट, मऊ, खरवडली की भुगा पडतो. पण नजरेवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून जाणते सर्जन अर्धी कूर्चा ठेवत नाहीत, एका बाजूला बरगडीच्या हाडापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला स्टर्नमपर्यंत सगळी काढतात आणि हाडाची टोकं ताजं रक्त दिसेपर्यंत कुरतडून घेतात. ७ ते १० च्या कमानीत पसरलेलं असंल तर ती कमानच काढायला लागते. जखमेत चांगल्या कूर्चेचं कापलेलं टोक उघडं राहिलं तर पुढं तिलाच लागण होते. जे परत येतात त्यांच्यात हेच कारण बऱ्याचदा असतं, कुणीतरी दया करून थोडी ठेवलेली असते.

हे काम बारकाईचं का? कूर्चेच्या मागंच फुप्फुसाचं आवरण आहे, डावीकडं हृदयाचं आवरण, खालच्या कमानीला आतनं पडदा म्हणजे डायफ्रॅम चिकटलेला, आणि स्टर्नमच्या कडेपासून साधारण एक-दीड सेंटिमीटरवर मॅमरी आर्टरी नावाची रक्तवाहिनी उभी खाली जाते. फुप्फुसाचं आवरण फाटलं तर छातीत नळी टाकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तयारी ठेवलेलीच असते.

काढून झालं की सलाइननं भरपूर धुतात, सँपल पाठवतात, आणि राहतो तो खड्डा. खड्डा तसाच ठेवून वरनं कातडी शिवली तर आत पाणी साठतं आणि परत पू. म्हणून जिवंत रक्त असलेला स्नायू त्यात भरतात: वरच्या भागाला छातीचा पेक्टोरॅलिस, खालच्या कमानीला पोटाचा रेक्टस, कधी पाठीचा लॅटिसिमस, कधी पोटातली चरबीची झालर म्हणजे ओमेंटम. इथं ते बायपासचं कार्ड कामाला येतं. रेक्टस वर वळवताना त्याला रक्त मॅमरी आर्टरीकडनंच मिळतं, आणि बायपासमध्ये हृदयाला रक्त द्यायला डावी मॅमरी वापरलेली असंल तर त्या बाजूचा स्नायू वळवून चालत नाही, जगणार नाही.

पू फार असंल, पेशंट अशक्त असंल तर एका बैठकीत बंद करत नाहीत. साफ करून व्हॅक लावतात, म्हणजे स्पंज आणि ओढणारं मशीन, दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात, जखम लाल-ताजी झाली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये स्नायू बसवतात. दुसऱ्यांदा थिएटरला नेलं म्हणजे पहिलं फसलं असं नव्हे, हे नातेवाइकांना पटायला वेळ लागतो.

पायरी ६: वॉर्डातले दिवस

दुखणं दाबून ठेवू नका. दुखतं म्हणून खोकला दाबला की कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. इंजेक्शन मागून घ्या, उशी जखमेवर धरा आणि खोका, मशीन तासा-तासाला ओढा, दुसऱ्या दिवसापासून उठून बसा. छातीची नळी असंल तर बाटली कायम छातीच्या खाली, उचलून कॉटवर ठेवायची नाही, नळी पिळायची नाही. जखमेतल्या ड्रेनमध्ये, म्हणजे पाणी बाहेर काढायच्या नळीत किती आलं ते रोज लिहितात, दिवसाला २५-३० मिलीच्या खाली आलं की काढतात. श्वास घेताना तेवढा भाग आत जातो आणि सोडताना बाहेर येतो असं दिसतं, कमान काढलेल्यांमध्ये सुरुवातीला असतंच, पट्टा देतात, व्रण घट्ट झाला की कमी होतं.

अँटिबायोटिक कल्चर बघून बदलतं आणि बहुतेक ४ ते ६ आठवडे चालतं, आधी शिरेतनं, मग गोळ्या. घरी गेल्यावर बरं वाटलं म्हणून बंद करणारे खूप आहेत.

भेटायला येणाऱ्यांना एक विनंती, शुगरच्या पेशंटला कुंदा आणू नका ओ. अंडी आणा, उसळ आणा, नाहीतर काहीच आणू नका.

पायरी ७: घरी

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. ६ ते ८ आठवडे ओझं उचलायचं नाही, डोक्यावर घागर, वैरणीचा भारा, ऊसतोड, ट्रॅक्टर काही नाही, पोटाचा स्नायू वळवला असंल तर जास्तच जपायचं कारण तिथं हर्निया होऊ शकतो. बाईकवरनं गावच्या रस्त्यानं यायचं टाळा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ड्रेसिंग ओलं होतंच, तेव्हा जादा गॉज आणि टेप घरात ठेवा आणि ओलं झालं की लगेच बदला, संध्याकाळची वाट बघू नका. भाकरीबरोबर डाळ, मटकी, अंडं, शेंगदाणे, दूध असं पोटभर प्रोटीन जायला पाहिजे, जखम त्याच्यावरच भरते.

फॉलोअपला सीआरपी आणि ईएसआर बघतात. ईएसआर हळू उतरतो, पहिल्या रिपोर्टात जास्त दिसला म्हणून रडारड नको. व्रणातनं एखादा पिवळा थेंब आला तर कधी आतला टाका बाहेर येत असतो, तो काढला की संपतं. पण व्रणाच्या शेजारी नवी सूज आली, परत टाचणीएवढं भोक पडलं, ताप यायला लागला तर गावात चिरा मारून घेऊ नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडंच या, बहुतेक परत सीटी काढतात कारण शेजारची कूर्चा धरली आहे का ते बघायचं असतं, आणि हे वर्षभरानंतरसुद्धा होऊ शकतं म्हणून कागदांची पिशवी फेकू नका. एकदम दम लागला, जखमेतनं ताजं रक्त आलं, छातीत कळ आली तर अपॉइंटमेंट वगैरे बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करा आणि जवळच्या कॅज्युअल्टीत न्या.